ड्राफ्ट सर्वे आणि वजनकाटा यांत ४५० टनांचा फरक, शोधायचा कुठे?

खाडीकाठ यांचा प्रश्न

सुट्या कोळशाचं एक जहाज खाडीच्या आतल्या धक्क्यावर रिकामं झालं. बिल ऑफ लेडिंगवर (बीएल, म्हणजे माल चढवल्याची जहाजाची पावती) ५२,३०० टन. उतरवताना झालेल्या ड्राफ्ट सर्वेप्रमाणे (जहाज पाण्यात किती बुडालंय यावरून काढलेलं वजन) ५२,१४० टन माल उतरला. सगळा माल ट्रकने यार्डात गेला, तिथल्या काट्याची बेरीज ५१,६९० टन. म्हणजे बीएल आणि सर्वे यांत १६० टन, सर्वे आणि काटा यांत ४५० टन.

जहाजवाले म्हणतात, आम्ही सर्वेप्रमाणे माल दिला, पुढचं तुमचं तुम्ही बघा. यार्डवाले म्हणतात, काटा प्रमाणित आहे, शिक्का ताजा आहे. सर्वेचा पूर्ण रिपोर्ट माझ्याकडे आहे, पण त्यात नेमकं काय तपासायचं ते कळत नाही. उतरवताना पाऊस नव्हता, मात्र पावसाळा नुकताच संपलेला होता. ड्राफ्ट सर्वेत एवढी चूक होऊ शकते का?

---

लोडलाइन

होऊ शकते, आणि कॅल्क्युलेटरवर क्वचितच होते. होते ती आत घातलेल्या आकड्यांत.

चांगल्या परिस्थितीत काळजीने केलेला ड्राफ्ट सर्वे अर्ध्या टक्क्यापर्यंत बरोबर मानतात. तुमच्या मालावर अर्धा टक्का म्हणजे २६० टन. तेव्हा बीएल आणि सर्वे यांतले १६० टन (०.३१ टक्के) सध्या बाजूला ठेवा. ४५० टन म्हणजे ०.८६ टक्के, तो मात्र शोधायलाच हवा.

कुठली चूक किती टनांची, हे आधी डोक्यात बसू द्या. खालचे आकडे तुमच्या जहाजाचे नाहीत, साधारण त्या आकाराच्या जहाजाचे आहेत: पुढच्या आणि मागच्या लंबांमधली लांबी १८५ मीटर, भरलेलं असताना डिस्प्लेसमेंट (जहाजाचं सगळ्यासकट एकूण वजन) ६४,१५० टन, टीपीसी ५७. टीपीसी ५७ म्हणजे जहाज एक सेंटिमीटर खाली गेलं की ५७ टन वाढले.

ड्राफ्टचे, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय त्याचे, सहा आकडे वाचतात: पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी. मेट्रिक खुणांत प्रत्येक अंक १० सेंमी उंच असतो आणि अंकाचा तळ म्हणजे तो ड्राफ्ट. १२ मीटरच्या वरचा ‘४’ पाण्यात अर्धा बुडाला असेल तर वाचन १२.४५, १२.४० नव्हे. धक्क्याच्या बाजूचं वाचन सोपं असतं. समुद्राच्या बाजूचं बोटीतून, पाण्याच्या पातळीजवळ जाऊन घ्यायचं असतं. वरून कठड्यावरून वाकून घेतलेल्या वाचनात दोन-तीन सेंटिमीटर सहज इकडचे तिकडे होतात. बोट मिळाली नाही म्हणून एकाच बाजूचं वाचन घेतलं असेल तर झुकाव मोजलेला हवा. ३२ मीटर रुंद जहाजाला अर्धा अंश झुकाव असला तरी दोन बाजूंत २८ सेंमी फरक पडतो. लाटा असतील तर खुणेला पारदर्शक नळी लावतात, आतलं पाणी बऱ्यापैकी स्थिर राहतं.

मग सरासरी. भरलेलं जहाज मध्ये वाकतं. समजा पुढचा ड्राफ्ट ११.९२, मागचा १२.२४, मधला १२.१४. पुढच्या-मागच्याची सरासरी १२.०८, म्हणजे जहाज मध्ये ६ सेंमी खाली वाकलेलं आहे. यासाठी मधल्याला सहापट वजन देतात: पुढचा अधिक मागचा अधिक मधल्याच्या सहापट, भागिले आठ. उत्तर १२.१२५. कुणी नुसत्या पुढच्या-मागच्या सरासरीवर भागवलं तर ४.५ सेंमी, म्हणजे सुमारे २५६ टन गायब.

ट्रिमची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ड्राफ्टमधल्या फरकाची, दुरुस्ती ही दुसरी जागा. रिकाम्या जहाजाला मागे बराच ट्रिम असतो. धरा २.५ मीटर ट्रिम, टीपीसी ५१, आणि फ्लोटेशनचं केंद्र (ज्या बिंदूभोवती जहाज पुढे-मागे कलतं) मध्यापासून ४ मीटर पुढे. पहिली दुरुस्ती सुमारे २७६ टन आणि ती वजा, कारण ट्रिम मागे आहे आणि केंद्र पुढे. ती चुकून अधिक केली तर चूक २७६ ची नाही, ५५२ टनांची. काही जहाजांच्या तक्त्यांत हे केंद्र मध्यापासून दिलेलं असतं, काहींत मागच्या लंबापासून, आणि अधिक-उणे चिन्हांचा अर्थही जहाजागणिक बदलतो. तक्त्याच्या डोक्यावरची टीप वाचा. दुसरी ट्रिम दुरुस्ती कायम अधिकच असते, अशा ट्रिमला साधारण ४० टन.

घनतेवर एक वेगळाच प्रतिसाद होईल. आधी रिपोर्टमधल्या चार गोष्टी इथे टाका: सुरुवातीच्या आणि शेवटच्या सर्वेत धक्क्याच्या पाण्याची घनता, शेवटच्या सर्वेत बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत घेतलेलं पाणी) किती टन, त्या बॅलास्टची घनता काय धरली, आणि ‘कॉन्स्टंट’ (हिशेबात न बसणारं जहाजावरचं उरलेलं वजन) किती आला. लोडिंग बंदरातला कॉन्स्टंट मिळाला तर तोही.

---

ओहोटी

घनतेचं मी लिहितो. खाडीत सगळा खेळ तिथेच आहे.

जहाजाचे तक्ते १.०२५ घनतेच्या पाण्यासाठी असतात. धक्क्याचं पाणी १.०१४ असेल तर ६४,१५० ला १.०१४ ने गुणून १.०२५ ने भागायचं. उत्तर ६३,४६२, म्हणजे ६८८ टन कमी. घनतेच्या तिसऱ्या दशांशात एकाचा फरक झाला तर भरलेल्या जहाजावर ६३ टन आणि रिकाम्यावर (डिस्प्लेसमेंट २८,४०० धरून) २८ टन.

खाडीत गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली असतं. ओहोटीला वरचा थर जाड होतो, भरतीला पातळ. त्यामुळे बादली सोडून वरवरचा नमुना घेतला तर घनता प्रत्यक्षापेक्षा कमी येते. नमुना बंद होणाऱ्या बाटलीने, ड्राफ्टच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीवरून, पुढे-मध्ये-मागे अशा जागी घ्यायचा असतो. तोही ड्राफ्ट वाचताना, तासाभराने नाही. दोन तासांत ओहोटी लागली की पाणी बदललेलं असतं. सांडपाणी किंवा कूलिंगचं पाणी जिथे बाहेर पडतं त्या तोंडाजवळचा नमुना निरुपयोगी.

हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजायचं उपकरण) कुठला होता तेही बघा. ड्राफ्ट सर्वेचा हायड्रोमीटर हवेतलं वजन धरून प्रति लिटर किलो दाखवतो. लोडलाइनसाठी (जहाज किती बुडू द्यायचं त्या मर्यादेसाठी) जहाजावर ठेवलेला सापेक्ष घनता दाखवतो. दोघांत तिसऱ्या दशांशात फरक येतो. सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा वापरला तर फरक आकड्यात उतरणारच. तपमानाची दुरुस्ती कुणी लावली असेल तर ती काढून टाका. जहाज त्याच पाण्यात तरंगतंय, वाचन आहे तसंच घ्यायचं.

---

काटेकोर

जहाजावर सगळ्यांचं लक्ष गेलंय, काट्याकडेही बघू. ताजा शिक्का असला म्हणजे काटा बरोबर वजन करतो एवढंच सिद्ध होतं. काट्यावर तुम्ही काय ठेवलं याची हमी शिक्का देत नाही.

साधारण ३० टनी खेप धरली तर ५१,६९० टनांना १,७२० च्या आसपास खेपा. एका खेपेला १५० किलो सातत्याने एकाच दिशेने चुकले तर २५८ टन. काट्याचा स्वतःचा पुढे-मागे होणारा फरक इतक्या खेपांत बराचसा एकमेकांत जिरतो. टेअर, म्हणजे रिकाम्या ट्रकचं वजन, त्यातली चूक जिरत नाही.

रिकाम्या ट्रकचं वजन प्रत्येक खेपेला घेतलं, की एकदा घेऊन कॉम्प्युटरमध्ये साठवलं? बहुतेक यार्डांत साठवतात, रांग लांबू नये म्हणून. सकाळी टाकी भरलेली, क्लीनर केबिनमध्ये, ओली ताडपत्री आणि दोर वर, अशा अवस्थेत टेअर घेतला असेल तर तो जड येतो. दिवसभरात शंभर लिटर डिझेल जळलं की ८४ किलो गेले, क्लीनर उतरला की साठेक. साठवलेला टेअर खऱ्यापेक्षा जड म्हणजे मालाचं वजन दर खेपेला कमी. उलटही होतं: चिखल, फाळक्याला चिकटलेला ओला कोळसा, तळाशी राहिलेला चुरा, यांनी ट्रक परतताना जड असतो आणि साठवलेल्या हलक्या टेअरमुळे माल जास्त दिसतो. दिशा कुठली ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

तपासणी सोपी आहे. तेच ट्रक अजून चालू असतील तर कुठलेही वीस निवडा, माल टाकून परतताना रिकामे काट्यावर घ्या आणि साठवलेल्या टेअरशी ताडा. सरासरी फरक गुणिले खेपा.

त्याशिवाय ग्रॅबमधून धक्क्यावर आणि पाण्यात सांडलेलं, धक्का झाडून वेगळा ढीग केला असेल तर तो काट्यावरून गेला का, आणि होल्डमध्ये (जहाजाच्या मालाच्या कप्प्यात) झाडून न काढलेलं किती. शेवटचं मात्र ड्राफ्ट सर्वेलाही उतरलेलं दिसत नाही, ते जहाजाच्याच वजनात राहतं.

---

खाडीकाठ

रिपोर्टमधले आकडे: सुरुवातीला धक्क्याची घनता १.०१४, शेवटी १.०१२, दोन्ही वेळा तीन पातळ्यांचे नमुने घेतल्याची नोंद आहे. शेवटच्या सर्वेत बॅलास्ट १६,५०० टन. बॅलास्टच्या तक्त्यात प्रत्येक टाकीपुढे घनता १.०२५ लिहिली आहे. कॉन्स्टंट ६१ टन. लोडिंग बंदरातल्या रिपोर्टात तो २६८ होता. सगळा बॅलास्ट इथेच, माल उतरवताना घेतला.

टेअर पहिल्या दिवशी सकाळी एकदा घेतलेला आहे.

---

लोडलाइन

तुमचा निम्मा फरक इथेच सापडला.

जहाज खाडीत उभं, बॅलास्ट खाडीतूनच घेतला, आणि हिशेब मात्र समुद्राच्या १.०२५ ने. १६,५०० टन भागिले १.०२५ म्हणजे टाक्यांत १६,०९८ घनमीटर पाणी. त्याला १.०१२ ने गुणा: १६,२९१ टन. २०९ टन बॅलास्ट कागदावर जास्तीचा आहे.

आता हा कुठल्या दिशेने जातो ते बघा. उतरलेला माल म्हणजे सुरुवातीचं निव्वळ वजन वजा शेवटचं निव्वळ वजन, आणि निव्वळ म्हणजे डिस्प्लेसमेंटमधून बॅलास्ट, इंधन, गोडं पाणी वजा केल्यावर उरलेलं. शेवटी बॅलास्ट २०९ ने जास्त वजा झाला, म्हणून शेवटचं निव्वळ २०९ ने कमी आलं, म्हणून उतरलेला माल २०९ ने जास्त दिसला. सुधारलेला आकडा ५१,९३१.

कॉन्स्टंट तेच सांगतोय. कॉन्स्टंट म्हणजे रिकाम्या जहाजाच्या डिस्प्लेसमेंटमधून जहाजाचं मूळ वजन आणि मोजता येण्यासारखं सगळं वजा केल्यावर जे उरतं ते: रंगाचे थर, टाक्यांतला गाळ, सुटे भाग, दोरखंड. तो एका सफरीत २६८ चा ६१ होत नाही. २०७ टन घटले, आणि बॅलास्टची चूक २०९. असा अचानक पडलेला कॉन्स्टंट पाहून सर्व्हेअरने तिथेच थांबून टाक्या पुन्हा बघायला हव्या होत्या. कॉन्स्टंट उणे आला असता तर लक्ष गेलं असतं, ६१ हा आकडा सभ्य दिसतो म्हणून सुटला.

एक सावधगिरी. सगळ्या टाक्यांना १.०१२ लावणं हाही अंदाजच आहे. बॅलास्ट दोन-चार दिवसांत वेगवेगळ्या भरती-ओहोटीला घेतला जातो. खरं तर प्रत्येक टाकीचा नमुना साउंडिंग पाइपमधून (साउंडिंग म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणं) किंवा मॅनहोलमधून घ्यायचा असतो. आता जहाज गेल्यावर ते होणार नाही, पण कॉन्स्टंटशी इतका मेळ बसतोय म्हणजे २०० च्या आसपासचा आकडा धरायला हरकत नाही.

जाता जाता: ‘पूर्ण भरली’ म्हणून साउंडिंग न घेतलेल्या टाक्या किती आहेत तेही तक्त्यात बघा. मागे ट्रिम असताना टाकीच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकते आणि भरलेली वाटणारी टाकी भरलेली नसते. डबल बॉटम (जहाजाच्या तळातल्या) टाकीचं क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर असेल तर साउंडिंगमधला एक सेंटिमीटर म्हणजे चार टन. अशा वीसेक टाक्या असतात.

---

काटेकोर

म्हणजे काट्याशी उरले २४१ टन, ०.४६ टक्के. पहिल्या दिवशी एकदाच घेतलेला टेअर हे त्याचं मोठं कारण असण्याची शक्यता बरीच. वीस ट्रकांची तपासणी कराच. आणि यार्डाला पुढच्या जहाजापासून निदान प्रत्येक पाळीत टेअर घ्यायला सांगा.

---

नांगर

अभिनंदन करण्याआधी दुसरी बाजू बघा. सर्वेचा आकडा काट्याकडे सरकला, तसा बीएलपासून दूर गेला. ५२,३०० वजा ५१,९३१ म्हणजे ३६९ टन, ०.७१ टक्के. आधी १६० टन म्हणून सोडून दिलेला फरक आता अर्ध्या टक्क्याबाहेर आहे. तुम्ही पैसे कुठल्या वजनावर दिले? खरेदी करारात ‘बीएलचं वजन अंतिम’ असेल तर विक्रेत्याशी भांडायला फारसं काही उरत नाही. ‘उतरवण्याच्या बंदरातला ड्राफ्ट सर्वे अंतिम’ असेल तर दुरुस्त रिपोर्ट मागून घ्यायलाच हवा, कारण २०९ टनांचे पैसे त्यावर आहेत.

ओलावा आधी काढा. लोडिंगच्या प्रमाणपत्रावर एकूण ओलावा किती आणि उतरवताना घेतलेल्या नमुन्यात किती?

---

खाडीकाठ

लोडिंगला १२.० टक्के, इथे ११.७. करार ड्राफ्ट सर्वेवर आहे.

---

नांगर

५२,३०० टनांत १२ टक्के पाणी म्हणजे कोरडा कोळसा ४६,०२४. तेवढाच कोरडा कोळसा ११.७ टक्के ओलाव्याला ५२,१२२ भरतो. म्हणजे १७८ टन पाणी वाटेत गेलं असं कागद म्हणतात. राहिले १९१ टन, ०.३७ टक्के, म्हणजे परत मोजमापाच्या मर्यादेत.

पण ०.३ टक्के ओलावा हा नमुना घेण्याच्या चुकीतही लपू शकतो, म्हणून त्याला दुसरा पुरावा जोडा. कोळशाच्या जहाजावर होल्डच्या बिल्जचं (तळाशी पाणी जमतं त्या खळग्याचं) साउंडिंग रोज नोंदवतात आणि बाहेर टाकलेलं पाणीही लिहितात. एजंटामार्फत त्या नोंदीची प्रत मागवा. तळाशी निथरलेलं पाणी पंपाने बाहेर गेलं असेल तर ते टनांत दिसेल. १७८ चे १७८ दिसणार नाहीत, काही वाफ होऊन जातं, पण शंभराच्या घरात नोंद असेल तर गोष्ट पक्की होते. बिल्ज कोरडे दाखवले असतील तर मात्र लोडिंगच्या वजनावर संशय घ्यायला जागा आहे.

लोडिंगचा ५२,३०० हा आकडा आला कुठून तेही विचारा. तिथे ड्राफ्ट सर्वे झाला होता, की शिपरच्या कन्व्हेयरवरच्या बेल्ट स्केलचा आकडा बीएलवर गेला? कॉन्स्टंट मिळाला म्हणजे सर्वे झालेला दिसतोय. त्याचा निकाल आणि बीएल एकच आहेत का ते ताडून बघा.

जहाजावर दावा करायचा विचार असेल तर हेग-व्हिस्बी नियमांत न दिसणाऱ्या तुटीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यायची असते. संयुक्त सर्वे झाला असेल तर ती लागत नाही, आणि सूचना राहिली म्हणून हक्क जात नाही, फक्त माल बरोबर मिळाला असं आधी गृहीत धरलं जातं. दावा दाखल करायला मात्र एक वर्ष, ते गेलं की संपलं. बीएलवर ‘वजन अज्ञात’ असा शेरा असेल तर ५२,३०० हा आकडा जहाजाच्या गळ्यात बांधणं अवघड. माझं मत विचाराल तर या आकड्यांवर जहाजाविरुद्ध दावा टिकणार नाही. विक्रेत्याकडे दुरुस्त सर्वे लावा.

---

बार्जवाला

एवढं सगळं करण्यापेक्षा करारातच काट्याचं वजन अंतिम ठेवलं तर?

---

नांगर

विक्रेता कशाला मान्य करेल? काटा तुमचा, ट्रक तुमचे, आणि धक्का ते यार्ड या रस्त्यावर जे होईल त्यावर त्याचा ताबा नाही. सुट्या मालात ड्राफ्ट सर्वे चालतो तो अचूक म्हणून नाही, दोन्ही पक्षांना एकाच वेळी डेकवर उभं राहून बघता येतो म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने १९९२ मध्ये कोळशाच्या ड्राफ्ट सर्वेची संहिताच काढली आहे. करारात तिचा उल्लेख घाला म्हणजे पद्धतीवरून वाद नको.

---

लोडलाइन

दुरुस्त रिपोर्ट मागताना सर्व्हेअरला नुसतं ‘चूक झाली’ लिहू नका. दोन्ही बंदरांचे कॉन्स्टंट शेजारी-शेजारी मांडा, बॅलास्टच्या तक्त्यातली घनता आणि त्याच रिपोर्टमधली धक्क्याची घनता दाखवा, आणि बॅलास्ट कुठे घेतला याची नोंद म्हणून बॅलास्ट वॉटर रेकॉर्ड बुकची प्रत जोडा. त्यात टाकीनिहाय तारीख, जागा आणि घनमीटर असतात. हे पुस्तक जहाजावर असतं, तेव्हा एजंटाला आजच लिहा.

पुढच्या जहाजाला तुमचा माणूस शेवटच्या सर्वेला हजर ठेवा आणि त्याच्या हाती स्वतःचा हायड्रोमीटर द्या. चीफ ऑफिसरला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं: ट्रिम टाक्यांच्या तक्त्यात दिलेल्या मर्यादेत आणा, सर्वे चालू असताना बॅलास्टचे पंप आणि क्रेन बंद ठेवा, आणि निदान सहा टाक्यांचे नमुने काढून द्या. सर्व्हेअरने सही करण्याआधी कॉन्स्टंट तिथेच मोठ्याने वाचून घ्यायचा.